पाळीव सशाचा आहार व त्याचें पोट

मुलांच्या हौसेखातर ससा घरीं आणण्याची चाल शेतकऱ्यांच्या घरींही आतां नवी राहिलेली नाहीं. कोणी तो बाजारांतून आणतो, कोणी नाशिकाहून. पुष्कळदां हा ससा आठ-पंधरा दिवसांत मरतो, आणि त्यास येथील हवा मानवली नाहीं असें म्हणून घरचीं माणसें गप्प बसतात. हवेचा दोष क्वचितच असतो. बहुधा तो खाण्याचा असतो.

येथें ससा म्हणजे पाळीव, विलायती जातीचा, हें प्रथम सांगितलें पाहिजे. आपल्या माळावरचा रानससा हा निराळा प्राणी असून त्यास पकडणें हा १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें गुन्हा आहे. शेतांत त्याचीं पिल्लें दिसलीं तर तीं जागचीं हलवूं नयेत. आई दिवसां दूर राहते व अंधार पडल्यावर येऊन त्यांस पाजून जाते.

गाय चारा चार कप्प्यांच्या पोटांत सांठवून मग रवंथ करते. सशाचें पोट एकच; त्याचा चारा आंबतो तो पुढें, मोठ्या आंधळ्या आंतड्यांत. ह्या बाबतींत तो गाईपेक्षां घोड्यास जवळचा. गाय ढेकर देऊन वायु सोडते. सशास तर ओकतांही येत नाहीं. पोटांत गेलेलें सर्व पुढेंच सरकलें पाहिजे, आणि तें सरकविण्याचें काम चाऱ्यांतील चोथा करतो. चोथा कमी पडून पीठ व साखर वाढली म्हणजे आंतड्यांत अपायकारक जंतू माजतात व वायु धरतो. पोट दुखूं लागलें कीं ससा खाणें टाकतो, आणि खाणें टाकलें कीं आंतडें आणखी मंदावतें. बैलास पेंड चारली म्हणजे अंगीं लागते, ह्या हिशेबानें सशापुढें भाकरी, मका व बिस्किटें ठेवणारांनीं हें ध्यानांत घ्यावें. शिवाय सशाचे दांत जन्मभर वाढत असतात. तेही चोथ्याचा चारा चावूनच झिजतात.

पिंपळगांव बसवंतची कीर्ति द्राक्षें, टोमॅटो व कांदा ह्यांवर आहे, आणि नेमकीं हींच तिन्ही पिकें सशास सोईचीं नाहींत. द्राक्ष त्यास अतिशय आवडतें, म्हणूनच मुलें तें मूठभर देतात. आठवड्यांतून एक-दोन मणी पुरे. बागेंतला पाला व तण ह्यांचें भय तर अधिक. ऑक्टोबरच्या गोडी छाटणीनंतर बागेवर किती फवारण्या होतात हें बागाईतदारांस आम्हीं सांगावयास नको. मोरचूद-चुन्याचें बोर्डो मिश्रण असो वा आजचीं नवीं औषधें असोत, त्यांचा अंश वेलीखालच्या गवतावरही पडतो. दोन किलोच्या प्राण्यास थोडा अंशही पुष्कळ होतो. टोमॅटोच्या पिकल्या फळाची फोड क्वचित् चालेल. त्याचा पाला व देठ मात्र विषारी. कांदा, कांद्याची पात व लसूण मुळींच देऊं नये, कारण त्यांनीं रक्तांतील तांबडे कण नाश पावतात.

मग द्यावें काय? वाळलें गवत. आहाराचे शंभरांत ऐंशीं भाग तेंच असावें, आणि तें रात्रंदिवस समोर असावें. मारवेल किंवा हरळी बांधावरची, पण फवारणीपासून दूरची, कापून सावलींत वाळवावी. बुरशीचा वास येणारें गवत टाकून द्यावें. त्याजवर कोथिंबीर, मेथी, गाजराचा पाला असा मूठ-दोन मूठ हिरवा पाला धुवून द्यावा. गाजर हें गोड खाणें आहे, चकतीभर द्यावें. घासाविषयीं थोडें सांगतों. राहुरीच्या कृषि विद्यापीठाचा आर. एल. ८८ हा लसूणघास आपण गाईंसाठीं लावतों. वाढत्या पिल्लांस तो चांगला, परंतु सहा-सात महिन्यांच्या सशास रोज नको. त्यांत चुना फार. जास्तीचा चुना सशाच्या मूत्रावाटे बाहेर पडतो, मूत्र चुन्याच्या निवळीवरील गाळासारखें दाट होतें आणि खडा धरण्याचा संभव असतो. स्वच्छ पाणी सदैव असावें, उन्हाळ्यांत तर दोनदां बदलावें.

नवा ससा आणतांना पहिल्या मालकास, तो काय खात होता, हें अवश्य विचारावें आणि तेंच खाणें थोडें बरोबर आणावें. चारा एकदम बदलूं नये. सात ते दहा दिवसांत जुनें कमी व नवें जास्त असें करीत जावें.

आमची हयात पीकपाहणीच्या दप्तरांत गेली, म्हणून कदाचित् असेल, पण सशाचीही रोज सकाळीं पाहणी करावी असें आम्हांस वाटतें. आणि ती पिंजऱ्याखालीं करावी. निरोगी सशाच्या लेंड्या वाटाण्याएवढ्या, कोरड्या व पुष्कळ असतात. ह्याखेरीज तो मऊ, चकचकीत अशा दुसऱ्या लेंड्याही टाकतो व त्या बुडापाशीं तोंड नेऊन लगेच खातो. त्या द्राक्षाच्या इवल्याशा घोसासारख्या दिसतात. हा घाणेरडेपणा नव्हे, ती त्याची रवंथच समजावी. त्यांतून त्यास प्रथिनें व जीवनसत्त्वें मिळतात. ह्या मऊ लेंड्या न खातां पडून राहूं लागल्या तर खुराक फार जड होत आहे असें जाणावें.

लेंड्या बारीक झाल्या, केसांनीं माळेसारख्या गुंफल्या, किंवा बंद पडल्या. ससा कोपऱ्यांत पाठ फुगवून दांत करकरीत बसला. तर नव्या जागेस बुजला असेल म्हणून वाट पाहूं नये. बारा तास ज्यानें कांहींच खाल्लें नाहीं त्यास पशुवैद्याकडे नेलेंच पाहिजे; चोवीस तासांनीं पुष्कळदां उशीर झालेला असतो. घरांत उरलेलें पेनिसिलिन किंवा अमॉक्सिसिलिन तोंडावाटे कदापि देऊं नये; माणसांस गुणकारी असलेलें हें औषध सशाच्या आंतड्यांतील उपयुक्त जंतू मारतें व त्यानें ससा दगावतो. दवाखान्यांत जातांना शेवटच्या लेंड्या कागदांत बांधून न्याव्या आणि ससा काय व केव्हां खाल्ला हें टिपून ठेवावें. डॉक्टरांस त्यांवरून बरेंच कळतें.