हेड उघडायच्या आधी

बाबू, हेड गॅस्केट आपोआप जात नाही. आधी गाडी तापते, मग हेड वाकतं, मग गॅस्केट फाटतं. बिडाच्या ब्लॉकवर ॲल्युमिनियमचं हेड असेल तर जास्तच, कारण तापल्यावर ॲल्युमिनियम बिडाच्या जवळपास दुप्पट फुगतं. म्हणून गिऱ्हाईक दारात येऊन "गॅस्केट टाकून द्या" म्हणालं, तरी तू आधी गाडी तापली कशानं ते शोध. फॅनची मोटर बंद असेल, थर्मोस्टॅट अडकला असेल, वॉटर पंपाची पाती झिजली असतील, नाहीतर एखादी क्लिप ढिली होऊन होज गळत असेल. ते कारण तसंच राहिलं तर नवतपात तीच गाडी पुन्हा टोचन करून तुझ्याकडे येईल.

आपल्या एकोडीकडे एक कारण हमखास सापडतं. धानाच्या मळणीत कोंडा आणि तणसाचा भुसा उडतो, तो रेडिएटरच्या जाळीत जाऊन बसतो, त्यावर धूळ चढते. समोर एसीचा कंडेन्सर असतो, त्यामुळे बाहेरून सगळं स्वच्छ दिसतं. घाण असते दोघांच्या मधल्या फटीत. तिथं टॉर्च मारून बघ. पाणी इंजिनाच्या बाजूनं बाहेर सोड आणि धार मंद ठेव, वॉशिंगच्या जोरदार फवाऱ्यानं जाळीच्या पत्र्या वाकतात. मे महिन्यात बाहेरच पारा कधीकधी 45 च्या पुढे जातो. अशा दिवसात अर्धी बुजलेली जाळी इंजिनाला वाचवू शकत नाही.

गाडीवाल्यांनाही एवढं सांगून ठेव. साकोली-भंडारा हायवेवर तापमानाचा काटा चढायला लागला, की एसी बंद करायचा, हीटर पूर्ण सोडायचा, काचा खाली घ्यायच्या आणि गाडी कडेला लावायची. काटा लाल पट्टीत गेला की इंजिन तिथंच बंद. "लाखनीपर्यंत जाऊ, तिथं पाणी टाकू" या हट्टापायी हेड जातात. चढलेला काटा एकाएकी खाली आला, तर ते जास्त वाईट समज. सेन्सर पाण्यात बुडालेला असतो; पाणी संपलं की तो नुसत्या हवेत राहतो आणि खोटा आकडा दाखवतो.

गरम गाडीच्या रेडिएटरचं झाकण कधी उघडू नको. 0.9 लिहिलेल्या झाकणाखाली साधं पाणीसुद्धा 120 अंशांच्या आसपास जाईपर्यंत उकळत नाही. झाकण फिरवलं की दाब सुटतो आणि सगळं पाणी एका क्षणात उकळून तोंडावर येतं. वरचा होज दाबून बघ, तो मऊ आणि हाताला गार लागेपर्यंत थांब. तापलेल्या इंजिनात गार पाणी ओतलं तर हेडला तडा जातो, मग गॅस्केटनं भागत नाही.

तपासणी सकाळी, गार गाडीवर कर. गाडी रात्री ठेवून घे. झाकण काढून पाणी काठोकाठ भर आणि स्टार्ट कर. सुरुवातीला हवेचे बुडबुडे येतात आणि थांबतात. थांबत नसतील, रेस दिल्यावर वाढत असतील, तर सिलेंडरचा गॅस पाण्यात शिरतोय. झाकण लावून बघितलं तर वरचा होज एका मिनिटात टणक होतो. एवढ्यात पाणी तापत नाही, मग तो दाब दुसरीकडून येणार कुठून?

नुसत्या खुणांवर मात्र भुलू नको. ऑइलच्या झाकणाखाली पांढरा थर हिवाळ्यात जवळच्या फेऱ्या मारणाऱ्या चांगल्या गाडीतही जमतो. स्टार्ट करायच्या आधीच डिपस्टिक बघ, तिच्यावरचं ऑइल दुधाच्या चहासारखं झालं असेल तर पाणी उतरलंय, आणि मग ती गाडी एकदाही स्टार्ट करू नको, बेअरिंगं जातील. थंडीत सायलेन्सरमधून वाफ सगळ्यांच्याच येते. गाडी तापल्यावरही दाट पांढरा, गोडसर वासाचा धूर येत राहिला, तर कूलंट जळतंय. प्लग काढून ओळीनं मांड. पाणी खाणाऱ्या सिलेंडरचा प्लग धुतल्यागत स्वच्छ निघतो. शेजारशेजारच्या दोन सिलेंडरचं कॉम्प्रेशन कमी आलं, तर गॅस्केट बहुतेक त्यांच्या मधेच फुटलंय. पाण्यातला सिलेंडरचा गॅस ओळखणाऱ्या टेस्टरचं निळं द्रव मिळालं तर घेऊन ठेव. रेडिएटरच्या तोंडावर ते पिवळं झालं की शंका उरत नाही.

हेडचे बोल्ट सैल करताना बाहेरून आत ये, आवळताना मधून बाहेर जा, दोन्ही वेळा टप्प्याटप्प्यानं. "हाताला कळतं" हे इथं चालत नाही. गडेगावच्या अशोक लेलँडमध्ये जाणाऱ्या पोरांना विचार टॉर्क रेंच कशाला असतो ते. अंशात फिरवायचे बोल्ट असतील तर ते ताणले जातात, नवेच घाल. हेडवर सरळ पट्टी उभी, आडवी, तिरकी ठेवून खाली फिलर गेज घालून बघ. बऱ्याच गाड्यांत 0.05 मिलिमीटरपेक्षा जास्त फट चालत नाही, पण त्या गाडीचं पुस्तक बघून घे. ब्लॉकही तसाच तपास. फेसिंगला पाठवलंस तर आधी प्रेशर टेस्ट करून घे, तडा गेलेल्या हेडला फेसिंग करणं म्हणजे गिऱ्हाईकाचे पैसे पाण्यात. ॲल्युमिनियमला ग्राइंडर लावू नको. बोल्टच्या भोकातलं पाणी, ऑइल हवेनं काढ. ते राहिलं तर आवळताना ब्लॉक फुटतो. पुस्तकात सांगितलं नसेल तर गॅस्केट कोरडंच बसव, पेस्ट चोपडू नको.

रेडिएटरला बारीक छिद्र असेल तर ट्रकवाले हळद टाकतात. घरापर्यंत पोचायला ठीक आहे, पण गॅस्केटला ती काही करत नाही आणि हीटरच्या नळ्या मात्र बुजतात. थर्मोस्टॅट काढून टाकायची आपल्याकडची रीतही मला पटत नाही. इंजिन गारच राहतं, ॲव्हरेज पडतं. खराब असेल तर नवा घाल.

सगळं जोडून झाल्यावर भरताना बोअरचं पाणी नको, त्याचे क्षार आत बसतात. कूलंट डिस्टिल्ड पाण्यात मिसळून घाल. पाणी ऑइलमध्ये गेलं होतं तर ऑइल आणि फिल्टर दोनदा बदल. गाडीचं तोंड थोडं उंच करून, हीटर सोडून, सावकाश भर म्हणजे हवा निघते. दुसऱ्या सकाळी पातळी बघ. जरा उतरली असेल तर अडकलेली हवा निघाली, तेवढं भर. तिसऱ्या सकाळीही उतरली, तर गिऱ्हाईकाला किल्ली देऊ नको.