रुग्णवाहिकेतला दुसरा आवाज

सांगली

चि. ओंकार,

साताऱ्यात १०८ रुग्णवाहिका सेवेत डॉक्टर म्हणून रुजू होतो आहेस. २०१४ साली ९३७ गाड्यांनिशी ही सेवा राज्यात सुरू झाली, ती प्रत्येक गाडीत डॉक्टर असावा अशा मांडणीने. म्हणजे महामार्गावर अपघात होवो की पाटणकडच्या वाडीत कुणाला साप चावो, तिथे प्रमुख तूच. प्रमुखाने हुकूम सोडावेत, असा सर्वसाधारण समज आहे. माझ्या मते त्याचं पहिलं काम वेगळं आहे: आपली चूक आपल्याच तोंडावर सांगायची मोकळीक सोबत्याला देणं. रुग्णाची सुरक्षितता तिथून सुरू होते.

ॲड्रेनालिनचंच बघ. हृदय बंद पडलेल्या प्रौढाला १ मिलिग्रॅम, शिरेतून. मधमाश्या चावून ॲलर्जीने कोसळलेल्याला ०.५ मिलिग्रॅम, मांडीच्या स्नायूत. अँप्यूल तेच. घाईत मात्रा किंवा मार्ग चुकला, तर तारणारं औषध जिवावर उठतं. म्हणून गाडी उभी असतानाच नाव, मात्रा, मार्ग मोठ्याने बोल आणि पायलटकडून, म्हणजे गाडीच्या चालकाकडून, परत वदवून घे. पायलटला औषधातलं काय कळतं, असं म्हणशील. तू बोललास तेच अँप्यूलवर लिहिलंय का, एवढं पाहायला डॉक्टरकी लागत नाही. शिवाय खंबाटकी घाटाच्या उतारावर तू जखमीवर वाकलेला असताना मागून येणारा ट्रक त्यालाच आधी दिसणार.

एवढा वेळ कुठे असतो, हा दुसरा आक्षेप. तो पोकळ नाही, म्हणून पुरावा पाहू. जागतिक आरोग्य संघटनेची १९ मुद्द्यांची शस्त्रक्रिया-सुरक्षिततेची तपासयादी आठ शहरांतल्या रुग्णालयांत वापरून पाहिली. २००९ साली छापलेल्या त्या अभ्यासात मृत्यूंचं प्रमाण १.५ टक्क्यांवरून ०.८ वर आलं. पुढे कॅनडातल्या ओंटारिओत अशा याद्या सर्वत्र वापरात आणल्या गेल्या. तिथल्या १०१ रुग्णालयांच्या २०१४च्या अभ्यासात मात्र लक्षणीय घट आढळली नाही. शस्त्रक्रियागृह आणि रुग्णवाहिका एक नव्हेत, हे मान्य. तरी मला यातून एक दिसतं: कागदावर खुणा करून माणूस वाचत नाही. यादी वाचली जात असताना कुणी ‘थांबा’ म्हणू शकतो का, यावर सारं अवलंबून आहे, आणि ते ठरतं प्रमुखाच्या वागण्यावर. असं ‘थांबा’ म्हणायला काही सेकंद लागतात. चुकलेली मात्रा परत घेता येत नाही.

याने डॉक्टरचा वचक जाईल, असं कुणी सांगेल. अंतिम निर्णय तुझाच आहे आणि तू तो ठामपणे घ्यावास. पण आपल्याकडे ‘साहेबांना कसं टोकायचं’ ही भीड मोठी. ती आपणहून मोडणार नाही. पहिल्याच दिवशी पायलटला स्पष्ट सांग, ‘चुकतंय असं वाटलं तर मला थांबवा.’ कधी त्याचंच चुकेल. तेव्हाही वसकन अंगावर जाऊ नकोस. कारण पुढच्या वेळी त्याचं बरोबर असेल, आणि तो गप्प बसेल.

तुझा,
काका