परसातली भाजी

मुलांनो, मालवणच्या किनाऱ्यावर पावसाळ्यात भरपूर पाऊस पडतो. तरीही फेब्रुवारीत विहिरीचे पाणी खाली जाऊ लागते. इथली माती रेताड, ती पाणी धरून ठेवत नाही. समुद्राजवळच्या विहिरीतून फार पाणी उपसले तर ती खारी होते. मग भाजी तर सोडाच, पिण्याचे पाणीही जाते.

म्हणून या दिवसांत परसात भेंडी लावाल तेव्हा मातीवर आच्छादन घाला. बी रात्रभर भिजवून पेरा. रोपे वीतभर वाढली की वाफ्याला पाणी द्या. मग त्या ओल्या मातीवर वाळलेला पाला चार बोटे जाड पसरा. आपल्याकडे याला पातेरा म्हणतात. भाताचा पेंढाही चालतो. ऊन थेट मातीवर पडत नाही, ओल टिकते, तणही कमी उगवते. आणि लोक हाच पातेरा झाडून जाळून टाकतात!

पाला खोडाला मात्र चिकटू देऊ नका. मी एकदा ही चूक केली. वाळवी लागली आणि अकरा रोपे गेली. आता मी खोडाभोवती जागा मोकळी ठेवतो. सकाळी पाला बाजूला सारून मातीत बोट घालून पाहतो. ओल लागली तर त्या दिवशी भाजीसाठी कळशी विहिरीत सोडत नाही.