बेस गिटारच्या तारांची निवड

आपल्या मंडळ्यांच्या वाद्यवृंदात बेस गिटार आता नवखी राहिलेली नाही. पूर्वी जेथे हार्मोनियम, तबला आणि झांजा एवढ्यावर भागत असे, तेथे आज की-बोर्ड व ड्रम्स यांच्या जोडीला एखादा तरुण खांद्याला बेस अडकवून उभा असतो. मात्र मंडळीतून तक्रार येते ती बहुधा त्याच्याचविषयी : आवाज नुसता घुमतो, सूर कळत नाही, किंवा उलट, तारांची खरखर तेवढी ऐकू येते, आधार मात्र मिळत नाही. ही तक्रार किरकोळ समजू नये. गाणारा समुदाय नकळत सर्वांत खालच्या स्वराला टेकून गात असतो. तो स्वर अस्पष्ट झाला की गाणाऱ्यांची पकड सुटते.

तक्रार आली म्हणजे तरुण संघ वर्गणी गोळा करू लागतो. नवे वाद्य घ्यावे की मोठा ॲम्प्लिफायर, यावर बैठक होते. या दोहोंच्या आधी तारा पाहाव्यात, असे माझे आग्रहाचे म्हणणे आहे. वाद्यासोबत दुकानातून आलेल्या तारा पाच-पाच वर्षे तशाच राहतात, आणि दोष मात्र लाकडाला व पिकअपला लावला जातो. तारांच्या एका संचाचा खर्च नव्या वाद्याच्या मानाने फारच थोडा आहे. परंतु निवड समजून करावी लागते, म्हणून हा अभ्यास.

प्रथम तारेचे शास्त्र थोडक्यात पाहू. चार तारांच्या बेसवर सर्वांत जाड तार ई या स्वराला लावतात. ती एका सेकंदात सुमारे ४१ वेळा कंप पावते. पुढच्या ए, डी व जी या तारांची कंपने अनुक्रमे ५५, ७३ व ९८ च्या आसपास असतात. तारेचा स्वर तीन गोष्टींवर ठरतो : लांबी, ताण आणि वजन. हा नियम मारँ मेर्सेन या फ्रेंच मठवासी पंडिताने १६३६ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात मांडला. लांबी वाद्याने ठरवून दिलेली असते. बहुतेक बेसवर ती ३४ इंच असते. ताण फार उतरवला तर तार लोंबते. म्हणजे खालच्या स्वरासाठी वजन वाढवण्यावाचून उपाय राहत नाही. पण नुसती पोलादी तार जाड करत गेलो तर ती सळईसारखी ताठ होते आणि तिचे उपस्वर बेसूर निघतात.

येथे भाषांतरकाराच्या सवयीने थोडे शब्दाकडे वळतो. स्तोत्र १५० मध्ये वाद्यांच्या यादीत 'मिन्नीम' असा एक इब्री शब्द आहे. त्याचा अर्थ नुसता 'तारा' असा आहे. त्यावरून आपण तंतुवाद्ये असा आशय घेतो. मराठीत 'तार' म्हटले की धातू डोळ्यांपुढे येतो, 'तात' म्हटले की आतडे, आणि 'तंतू' या शब्दात दोन्ही मावतात. प्राचीन वाद्यांना बहुधा तातच असे. खर्जाची तात मात्र दोरखंडासारखी जाड करावी लागे. सतराव्या शतकाच्या मध्यास युरोपात तातेवर धातूची बारीक तार गुंडाळण्याची युक्ती निघाली आणि लवचिकपणा न गमावता वजन वाढवता येऊ लागले. आजची बेसची तार त्याच युक्तीची वंशज आहे : आत पोलादी गाभा आणि त्यावर गुंडाळी. तार निवडणे म्हणजे मुख्यतः ही गुंडाळी निवडणे होय.

गुंडाळी गोल की सपाट?

लिओ फेंडर यांची प्रिसिजन बेस १९५१ साली बाजारात आली. त्यानंतरची सुमारे पंधरा वर्षे सपाट पट्टी गुंडाळलेल्या, म्हणजे फ्लॅटवाउंड तारांचे राज्य होते. त्यांचा पृष्ठभाग गुळगुळीत असतो, बोट सरकवताना आवाज येत नाही, आणि स्वर गोल, जाड, काहीसा लाकडी निघतो. पुढे १९६६ साली इंग्लंडमध्ये 'द हू' या वृंदाचे बेसवादक जॉन एंटविसल यांनी रोटोसाउंड या कंपनीच्या साहाय्याने गोल गुंडाळीच्या, म्हणजे राउंडवाउंड तारा विकसित करून घेतल्या. गोल तारेचे वेढे एकमेकांना टेकतात, पण मधल्या खाचा मोकळ्या राहतात. तार अधिक लवचीक राहते आणि वरचे उपस्वर पियानोसारखे झळकतात. आज दुकानात 'बेसच्या तारा द्या' म्हटले तर हातात पडतात त्या याच.

दोन थोर वादकांची उदाहरणे येथे पुरेशी आहेत. डेट्रॉइटच्या मोटाऊन कंपनीच्या असंख्य ध्वनिमुद्रणांत बेस वाजवणारे जेम्स जेमरसन ला बेला कंपनीच्या जाड फ्लॅटवाउंड तारा वापरत आणि त्या सहसा बदलत नसत. तार तुटली तरच नवी. त्यांचा स्वर गायकाच्या खाली गादीसारखा पसरतो. याच्या अगदी उलट जॅको पास्टोरियस. ते फ्रेट नसलेल्या बेसवर गोल गुंडाळीच्या तारा लावत. त्या तारांनी लाकूड घासू नये म्हणून पट्टीवर इपॉक्सीचा थर दिलेला असे. त्यांचा बेस गायकाच्या खाली राहत नाही, तो स्वतःच गातो. दोघेही श्रेष्ठ. आपल्या उपासनेत बेसने काय करावे अशी आपली इच्छा आहे, एवढाच प्रश्न उरतो.

या दोहोंमध्ये आणखी दोन प्रकार आहेत. गोल गुंडाळी करून वरून घासून सपाट केलेली तार मधल्या मार्गाची. तिचा स्वरही मधलाच, आणि मला ती फारशी कोणाची झालेली दिसत नाही. दुसरी काळ्या नायलॉनची फीत गुंडाळलेली तार. ही बोटांना अत्यंत मऊ असून उभ्या डबल बेसची आठवण देते. नायलॉन पाहून पुष्कळांना शंका येते की पिकअपला ही तार कळणार कशी. आत पोलाद असते, त्यामुळे चुंबकीय पिकअप तिचा स्वर नीट घेतो. मात्र ध्वनिक गिटारच्या काशाच्या तारा विद्युत बेसला लावू नयेत. काशाला चुंबक ओळखत नाही, केवळ गाभ्याचा दुबळा आवाज मिळतो.

गुंडाळीच्या धातूविषयी फार लिहीत नाही. स्टेनलेस स्टीलचा आवाज सर्वांत तीक्ष्ण. ते घामाला टिकते, पण जर्मन सिल्व्हरच्या फ्रेटहून कठीण असल्याने फ्रेट झिजवते. शुद्ध निकेल सौम्य. निकेलचा मुलामा दिलेले पोलाद या दोहोंच्या मधले, आणि प्रथमच निवड करणाऱ्यास तेच बरे.

जाडी, ताण आणि काळी-पांढरी

पाकिटावर ४५–६५–८०–१०० किंवा ४५–६५–८५–१०५ असे आकडे असतात. ही प्रत्येक तारेची जाडी, इंचाच्या हजारांशात दिलेली. अशा संचातील चार तारा मिळून वाद्याच्या मानेवर पाऊणशे किलोच्या आसपास ओढ देतात. स्वर आणि लांबी तीच ठेवून त्याच घडणीची जाड तार लावली तर ताण जाडीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. म्हणून ४५ ऐवजी ५० ची तार हा 'थोडासाच' फरक नव्हे. ताण सुमारे २३ टक्के वाढतो. चौदा-पंधरा वर्षांच्या मुला-मुलींच्या हाती बेस देताना हा हिशेब अवश्य करावा. शनिवारच्या सरावानंतर ज्याची बोटे व मनगट दुखते, त्याला आळशी म्हणण्यापूर्वी त्याच्या वाद्यावरील तारांचा आकडा पाहावा. ४० पासून सुरू होणारा हलका संच लावल्याने पुष्कळांचे वादन टिकले आहे. तथापि एकाच जाडीच्या दोन कंपन्यांच्या तारांचा ताण सारखा असतोच असे नाही. फ्लॅटवाउंड तारा सामान्यतः अधिक कडक लागतात, पण व्हिएन्नाच्या थोमास्टिक-इन्फेल्ड कंपनीच्या फ्लॅटवाउंड तारा त्यांच्या मऊपणाबद्दलच प्रसिद्ध आहेत. काही कंपन्या पाकिटावर प्रत्येक तारेचा ताण छापतात, तो वाचावा.

आता आपल्या गायनाशी थेट निगडित असलेली गोष्ट. आपली भजने व गीते पुष्कळ ठिकाणी हार्मोनियमच्या पट्टीवरून ठरतात : काळी एक, काळी दोन, काळी चार. बेसच्या मोकळ्या तारा मात्र पांढऱ्यांवर आहेत. ई म्हणजे पांढरी तीन, ए म्हणजे पांढरी सहा, डी पांढरी दोन आणि जी पांढरी पाच. गीत काळी दोनमध्ये असेल तर खालचा षड्ज बेसच्या सर्वांत जाड तारेच्याही अर्ध्या स्वराने खाली पडतो, म्हणजे वाद्यावर तो नाहीच! वादक वरचा षड्ज घेतो आणि गीताचा पाया एका सप्तकाने उचलला जातो. भजन 'उघडे' वाटते याचे कारण कित्येकदा एवढेच असते.

उपाय सोपा आहे. चारही तारा अर्ध्या स्वराने उतरवाव्यात. मग मोकळ्या तारा काळी दोन, काळी चार, काळी एक आणि काळी तीन अशा होतात, चारही काळ्या! काळी एकच्या गीताला षड्ज आणि त्याखालचा पंचम दोन्ही मोकळ्या तारांवर मिळतात. काळी चारच्या गीतालाही तसेच. परंतु अर्धा स्वर उतरवल्याने ताण सुमारे ११ टक्के घटतो, तार सैल होते, फ्रेटवर आपटते. म्हणून तार किंचित जाड घ्यावी : १०५ च्या जागी ११० ची तार लावली की गेलेला ताण बहुतांशी परत येतो. पाच तारांची बेस घेणे हा दुसरा मार्ग आहे, पण तो खर्चाचा आहे आणि तिची रुंद मान लहान हातांना जड जाते.

पट्टीनुसार तार बदलण्याची ही रीत आपल्याकडे नवी नाही. २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळालेले मिरजेचे सतार-तंबोऱ्यांचे कारागीर पुरुषी व बायकी तंबोऱ्याला वेगवेगळ्या जाडीच्या तारा लावतात. बेस दुकानातून तयार येते म्हणून तिला आपण हा नियम लावत नाही, इतकेच.

ज्या इमारतीत गायचे आहे तिचाही विचार हवा. जुन्या दगडी चर्चमध्ये खालचे स्वर भिंतींवरून परततात व एकमेकांत मिसळतात. पडदे आणि सतरंज्या वरचे स्वर शोषतात, खर्ज मात्र तसाच राहतो. अशा जागी फ्लॅटवाउंड तारांचा जाड स्वर डग्ग्याच्या घुमाऱ्यात व ऑर्गनच्या खर्जात हरवतो, असा माझा समज होता व आहे. तेथे मध्यम जाडीच्या निकेल-मुलाम्याच्या गोल तारा, थोड्या वापरून तीक्ष्णपणा गेलेल्या, उत्तम. एखाद्या घरगुती प्रार्थनासभेत, भोवती गाद्या-पडदे असताना, फ्लॅटवाउंड किंवा नायलॉनची तार ढोलकी-हार्मोनियमशी सुंदर जुळते. आणि जेथे केवळ लहान स्पीकर आहे तेथे गोल गुंडाळीच हवी. लहान स्पीकर ४१ कंपनांचा स्वर काढूच शकत नाही. पण ८२, १२४, १६५ हे त्याचे उपस्वर स्पष्ट ऐकू आले की आपला कान मूळ स्वर स्वतःच्या ठायी रचून घेतो. उपस्वरच नसतील तर कानाने रचावे कशावरून?

लावणे आणि राखणे

तार घेण्यापूर्वी वाद्याची लांबी मोजावी, कारण ३० इंची लहान बेसला लांब तार लावली तर जाड भाग खुंटीवर वळवावा लागतो व तार तुटते. तार कापण्यापूर्वी तिला खुंटीपलीकडे काटकोनात वाकवावे, मगच कात्री लावावी. नाही तर आतली गुंडाळी सुटून स्वर मरतो. खुंटीवर दोन-तीन वेढे पुरेत, ते वरून खाली जावेत.

ताण बदलला की मान किंचित वाकते. पहिला व शेवटचा फ्रेट एकाच वेळी दाबून सातव्या-आठव्या फ्रेटपाशी तारेखाली पाहावे. व्हिजिटिंग कार्ड जेमतेम जाईल एवढी फट असावी. अधिक असल्यास ट्रस रॉड घट्ट करावा, मुळीच नसल्यास सैल करावा, पण एका वेळी पाव फेऱ्याहून अधिक नको. नंतर बाराव्या फ्रेटवर दाबून काढलेला स्वर त्याच जागी नुसत्या स्पर्शाने काढलेल्या स्वराशी ताडून पाहावा. दाबलेला स्वर चढा असेल तर ब्रिजवरील तारेचा टेकू मानेपासून दूर सरकवावा, उतरा असेल तर जवळ आणावा. हे न करता केवळ नव्या तारा लावल्यास वाद्य वरच्या भागात बेसूरच राहील.

मुंबई, कोकण, गोवा, चेन्नई अशा दमट हवेत गोल गुंडाळीच्या खाचांत घाम व मळ साचतो. उपस्वर दबतात, आणि मळ सर्वत्र सारखा न साचल्याने तार सुरात लागेनाशी होते. वाजवून झाल्यावर कोरड्या सुती कापडाने प्रत्येक तार खालून-वरून पुसावी. तारा पाण्यात उकळण्याचा उपाय वादकांमध्ये प्रचलित आहे. मळ निघतो, आवाज काही दिवस उजळतो, पुन्हा मंदावतो. सणाच्या आदल्या आठवड्यात पैसे नसतील तर तो करावा, मात्र तारा पूर्ण वाळवून लावाव्यात. प्लास्टिकसदृश लेप दिलेल्या तारा महाग पडतात, पण किनारपट्टीवर त्यांचा खर्च वसूल होतो. फ्लॅटवाउंड तारा नीट ठेवल्यास वर्षानुवर्षे चालतात.

नव्या तारा नाताळच्या उपासनेच्या दिवशी सकाळी लावू नयेत. त्या ताणत राहतात आणि सूर उतरत राहतो; किमान दोन सराव आधी लावाव्यात. उतरवलेल्या जुन्या तारा गुंडाळून, संचाचे आकडे आणि लावल्याची तारीख लिहिलेल्या चिठ्ठीसह वाद्याच्या पेटीत ठेवाव्यात. पुढच्या वेळी दुकानदाराला ती चिठ्ठीच दाखवता येईल.