१९७४ चं मोबाइल होम आणि बँकेचा नकार

प्रश्न : माझा भाचा अमेरिकेत ओहायोत असतो. स्वस्तात मिळतंय म्हणून १९७४ सालचं मोबाइल होम घ्यायचं त्याच्या मनात आहे. घर ठणठणीत आहे, तरी बँक कर्ज देईना. शेजारच्या १९७८ सालच्या घराला मात्र मिळालं. चार वर्षांत असा काय फरक पडतो? – एक वाचक, सांगली

उत्तर : सगळं अडतंय ते १५ जून १९७६ या तारखेपाशी. कारखान्यात तयार होणाऱ्या या घरांना त्या दिवसापासून तिथल्या केंद्रीय गृहनिर्माण खात्याचे, म्हणजे ‘हड’चे, बांधकामाचे नियम लागू झाले. वायरिंग, आग, वारा, नळकाम, सगळ्याला देशभर एकच कसोटी आली. त्याआधीच्या घरांवरची कर्जं फॅनी मे आणि फ्रेडी मॅक (बँकांकडून कर्जं विकत घेणाऱ्या संस्था) घेत नाहीत, आणि सरकारी कर्जविमाही मिळत नाही. पुढे विकता न येणारं कर्ज गळ्यात घ्यायला बहुतेक बँका तयार नसतात. घर कितीही ठणठणीत असो.

नियमात बसणाऱ्या घराच्या बाहेरच्या बाजूला दोन बाय चार इंचांची लाल धातूची पट्टी ठोकलेली असते. घर दोन तुकड्यांत जोडलेलं असेल तर पट्ट्याही दोन. कोणी वरून नवे पत्रे चढवले की पट्टी दडते, आणि चांगलं १९७८ चं घरही कर्जाला अडतं. तिथे निदान पडताळणीचं पत्र मागवता येतं. १९७४ च्या घराला पट्टी मुळात नव्हतीच.

दुसरी मेख जमिनीची. घर भाड्याच्या प्लॉटवर असेल तर ते जंगम मालमत्ता ठरतं, आणि मोटारीसारखंच त्याचंही ‘टायटल’, म्हणजे मालकीचा कागद, असतं. त्यावर मिळतं ते चॅटल लोन : व्याज चढं, मुदत कमी.

माझं विचाराल तर भाच्याने थोडे पैसे जास्त घालून ऐंशीच्या दशकातलं घर शोधावं. हेच हवं असेल तर क्रेडिट युनियनमध्ये (आपल्या पतसंस्थेची तिकडची बहीण) वैयक्तिक कर्ज मिळतं का बघावं, नाहीतर विकणाऱ्यालाच हप्ते बांधून मागावेत. पण टायटल नावावर कधी होणार, हप्ता चुकला तर भरलेल्या पैशांचं काय, हे कागदावर घ्यावं. आणि सही करण्याआधी विमा कंपनीला फोन करावा, इतक्या जुन्या घराला तीही नकार देऊ शकते.