पाण्यातील आर्सेनिक आणि जादवपूरची प्रयोगशाळा

पाणी निर्मळ दिसले म्हणजे ते निर्दोष असतेच असे नाही. गढूळपणा डोळ्यांना दिसतो, दुर्गंधी नाकाला कळते, खारटपणा जिभेला जाणवतो. परंतु काही द्रव्ये अशी आहेत की ती पाण्यात मिसळली असता रंग, वास व चव यांपैकी कशातही फरक पडत नाही. आर्सेनिक हे त्यांपैकी एक होय. या मूलद्रव्याच्या पांढऱ्या ऑक्साइडला मराठीत सोमल म्हणतात आणि ते जहाल विष आहे, हे सर्वश्रुत आहे. मात्र अत्यल्प प्रमाणात, वर्षानुवर्षे, रोजच्या पिण्याच्या पाण्यावाटे पोटात जाणारे आर्सेनिक कोणता अनर्थ घडविते याचा परिचय बंगालमधील लक्षावधी लोकांना विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात झाला. हा अनर्थ ओळखण्याच्या, मोजण्याच्या व लोकांना समजावून देण्याच्या कामी कलकत्त्याच्या जादवपूर विद्यापीठातील एका संशोधन-केंद्राने जे कार्य केले, त्याची माहिती या पुस्तिकेत दिली आहे.

शुद्ध पाण्याच्या शोधातून उद्भवलेले संकट

गंगेच्या त्रिभुज प्रदेशात पाण्याचा तुटवडा कधीच नव्हता. खेडोपाडी तळी व पुष्करिणी होत्या आणि लोक त्यांचेच पाणी पीत असत. परंतु या उघड्या पाण्यातून पटकी, अतिसार यांसारख्या रोगांचा फैलाव होई व त्यांत असंख्य बालके दगावत. यावर उपाय म्हणून जमिनीत नळ उतरवून हातपंपाने पाणी वर काढण्याची पद्धत रूढ करण्यात आली. अशा नळविहिरींच्या पाण्यात रोगजंतू सहसा आढळत नसत. शेतीसाठीही अशाच विहिरी मोठ्या संख्येने खोदण्यात आल्या. हेतू चांगला होता आणि जंतुजन्य रोगांच्या दृष्टीने उपायही योग्य होता. परंतु त्या पाण्यात आर्सेनिक आहे किंवा नाही हे प्रारंभी कोणी तपासले नव्हते.

हे आर्सेनिक कोणत्याही कारखान्यातून आलेले नाही. हिमालयातील खडकांची झीज होऊन नद्यांनी जो गाळ सहस्रावधी वर्षे वाहून आणला, त्यातील लोहयुक्त कणांना ते चिकटलेले होते. गाळाच्या थरांत वनस्पतींचे कुजलेले अवशेष गाडले गेले. त्यांवर जगणारे सूक्ष्मजीव भूमिगत पाण्यातील प्राणवायू संपवितात. प्राणवायू नाहीसा झाला की लोहाची संयुगे विरघळू लागतात आणि त्यांना चिकटलेले आर्सेनिक मोकळे होऊन पाण्यात उतरते. गाळाचे थर सर्वत्र सारखे नसल्यामुळे एका विहिरीचे पाणी दूषित, तर तिच्यापासून थोड्याच अंतरावरील दुसरीचे निर्दोष, असेही घडते. म्हणून एका विहिरीवरून साऱ्या गावाचा निर्णय करता येत नाही.

रोगाची ओळख

इ. स. १९८३ मध्ये कलकत्त्याच्या स्कूल ऑफ ट्रॉपिकल मेडिसिन या संस्थेतील त्वचारोगतज्ज्ञ डॉ. के. सी. साहा यांच्याकडे खेड्यांतून काही रुग्ण आले. त्यांच्या अंगावर पावसाच्या थेंबांसारखे काळसर डाग पडले होते आणि तळहात व तळपाय यांची त्वचा जाड व खरखरीत झाली होती. ही लक्षणे दीर्घकालीन आर्सेनिक-विषबाधेची आहेत हे डॉ. साहा यांनी ओळखले. विषाचा उगम नळविहिरींच्या पाण्यात सापडला.

या रोगाची गती मंद असते. पाणी पिण्यास प्रारंभ झाल्यापासून त्वचेवर खुणा उमटेपर्यंत बहुधा काही वर्षे जातात. पुढे त्वचा, फुप्फुसे व मूत्राशय यांचा कर्करोग होण्याचा धोका वाढतो. खेड्यांतून या डागांना महारोग समजून रुग्णाला वाळीत टाकण्याचे प्रकारही घडले. वस्तुतः हा रोग संसर्गजन्य नाही. तेव्हा शरीराच्या पीडेइतकीच अज्ञानातून उद्भवलेली पीडाही मोठी होती.

केंद्राचे कार्य

जादवपूर विद्यापीठाची मुळे इ. स. १९०६ मध्ये बंगालमध्ये स्थापन झालेल्या राष्ट्रीय शिक्षण परिषदेत आहेत. विद्यापीठ म्हणून ते इ. स. १९५५ मध्ये अस्तित्वात आले. तेथील स्कूल ऑफ एन्व्हायर्न्मेंटल स्टडीज या केंद्रात विश्लेषण-रसायनज्ञ प्रा. दीपांकर चक्रवर्ती यांनी इ. स. १९८८ पासून आर्सेनिकच्या प्रश्नाचा अभ्यास आरंभिला व इ. स. २०१८ मध्ये निधन होईपर्यंत ते या कार्यात मग्न राहिले.

हा प्रश्न एकाच शास्त्राच्या कक्षेत मावणारा नव्हता. पाण्यात किती आर्सेनिक आहे हे रसायनज्ञ सांगू शकतो; ते तेथे कसे आले हे भूगर्भशास्त्रज्ञ सांगतो; रुग्णाच्या हातावरील खूण कशाची हे वैद्य ओळखतो. म्हणून केंद्राच्या सर्वेक्षणांत रसायनज्ञांबरोबर वैद्यही गावोगाव जात. एकाच कुटुंबाची विहीर, केस, नखे व त्वचा यांची तपासणी एकत्र केल्यामुळे कारण आणि परिणाम यांचा संबंध स्पष्ट होऊ शकला.

नमुना घेण्याचे शिक्षण

प्रयोगशाळेतील यंत्र कितीही सूक्ष्मग्राही असले तरी ते त्याच्यापुढे ठेवलेल्या बाटलीतील पाणीच मोजते. बाटली अस्वच्छ असेल, किंवा तिच्यावरील क्रमांक चुकला असेल, तर उत्तरही चुकते. यासाठी नवशिक्या संशोधकाला प्रथम नमुना घेण्याचे शिक्षण द्यावे लागते.

नमुन्याची बाटली आधी आम्लाने व नंतर शुद्ध पाण्याने धुतलेली असावी लागते. पंप काही वेळ चालवून नळात साचून राहिलेले पाणी काढून टाकतात व मग बाटली भरतात. तीत लगेच नायट्रिक आम्लाचा थेंब घालतात. याचे कारण असे की, भूमिगत पाणी हवेच्या संपर्कात आले की त्यातील लोह तांबूस साका होऊन तळाशी बसते आणि आर्सेनिकलाही आपल्याबरोबर खाली नेते. वरचे पाणी मोजल्यास ते खऱ्यापेक्षा निर्दोष भासते. आम्लाच्या योगाने लोह विरघळलेलेच राहते व ही चूक टळते. त्यानंतर विहिरीची जागा, तिची खोली, ती खोदल्याचे वर्ष आणि तिचे पाणी पिणाऱ्यांची संख्या यांची नोंद करावयाची असते. ही नोंद कंटाळवाणी वाटली तरी तिच्यावाचून पुढचे सारे श्रम व्यर्थ होत.

अत्यल्पाचे मापन

जागतिक आरोग्य संघटनेने इ. स. १९९३ मध्ये पिण्याच्या पाण्यातील आर्सेनिकसाठी दर लिटरला १० मायक्रोग्रॅम हे मार्गदर्शक प्रमाण सुचविले. हे प्रमाण किती अल्प आहे याची कल्पना एका गणिताने येईल. एक ग्रॅम आर्सेनिक एक लाख लिटर पाण्यात सारखे मिसळले तर ते पाणी बरोबर या मर्यादेवर येते.

इतके सूक्ष्म प्रमाण मोजण्यासाठी एक चतुर युक्ती योजतात. नमुन्यात हायड्रोक्लोरिक आम्ल व सोडियम बोरोहायड्राइड मिसळले असता आर्सेनिकचे आर्सिन नावाच्या वायूत रूपांतर होते. हा वायू पाण्यापासून अलग करून तापविलेल्या स्फटिकाच्या नळीत नेतात. तेथे त्याचे विघटन होऊन आर्सेनिकचे अणू मोकळे होतात व १९३·७ नॅनोमीटर तरंगलांबीचा प्रकाश शोषून घेतात. प्रकाश जितका अधिक शोषला जाईल तितके आर्सेनिक अधिक. प्रत्येक वेळी ज्ञात प्रमाणाचे द्रावण आणि आर्सेनिकविरहित पाणी यांचेही मापन करून यंत्राची परीक्षा घ्यावी लागते.

शरीरात गेलेल्या आर्सेनिकचा मागही असाच घेता येतो. त्याचा बराचसा भाग काही दिवसांत मूत्रावाटे बाहेर पडतो. म्हणून मूत्राच्या परीक्षणाने अलीकडचे सेवन कळते. केस व नखे यांतील केराटिन या प्रथिनात गंधकाचे प्रमाण बरेच असते व आर्सेनिक गंधकाशी सहज जखडले जाते. केस महिन्याला सुमारे एक सेंटिमीटर वाढतो. त्यामुळे केसांत मागील काही महिन्यांचा इतिहास साठविलेला असतो. अंगावर एकही डाग नसलेल्या माणसाच्या केसांतही आर्सेनिक पुष्कळ सापडू शकते. रोग दिसण्यापूर्वी धोका दाखविणारी ही खूण होय.

परिषदा व त्यांचे फळ

केंद्राने फेब्रुवारी १९९५ मध्ये कलकत्त्यास भूमिगत पाण्यातील आर्सेनिक, त्याची कारणे, परिणाम व उपाय या विषयावर आंतरराष्ट्रीय परिषद भरविली. बांगलादेशात आर्सेनिक इ. स. १९९३ मध्ये आढळले होते; परंतु त्याची व्याप्ती तेव्हा कळली नव्हती. पुढे केंद्राने ढाका कम्युनिटी हॉस्पिटल या संस्थेच्या सहकार्याने तेथे सर्वेक्षण केले आणि फेब्रुवारी १९९८ मध्ये दोन्ही संस्थांनी ढाक्यास परिषद भरविली. इ. स. २००० मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठातील ॲलन स्मिथ व त्यांचे सहकारी यांनी बांगलादेशातील या आपत्तीची गणना इतिहासातील सर्वांत मोठ्या सामूहिक विषबाधेत केली.

गंगेच्या प्रवाहाबरोबर वर गेल्यावर काय आढळेल, हाही प्रश्न होता. इ. स. २००२ मध्ये बिहारच्या भोजपूर जिल्ह्यातील सेमरिया ओझा पट्टी या गावी आर्सेनिक आढळले. त्याआधी, इ. स. १९९९ मध्ये, महाराष्ट्राच्या सीमेला लागून असलेल्या व तेव्हा मध्य प्रदेशात मोडणाऱ्या राजनांदगाव जिल्ह्यातील दूषित पाण्याचा वृत्तान्त केंद्राने प्रसिद्ध केला होता. तेथे गंगेचा गाळ नसून कठीण खडक आहे. आर्सेनिक केवळ त्रिभुज प्रदेशांतच सापडते असे नाही, हे यावरून सिद्ध झाले.

पश्चिम बंगालमधील वीस वर्षांच्या कार्याचा अहवाल इ. स. २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. १९ जिल्ह्यांतील १,४०,१५० नळविहिरींच्या नमुन्यांपैकी ४८·१ टक्क्यांत आर्सेनिक १० मायक्रोग्रॅमपेक्षा अधिक व २३·८ टक्क्यांत ५० मायक्रोग्रॅमपेक्षा अधिक होते.

लाल रंग, हिरवा रंग

लक्षावधी विहिरींचे पाणी मोठ्या प्रयोगशाळेत नेणे अवघड असते. म्हणून गावातच चाचणी करता येईल असे लहान संच तयार करण्यात आले. त्यांतही आर्सिन वायूच निर्माण करतात. मात्र तो मर्क्युरिक ब्रोमाइड लावलेल्या कागदावर सोडतात आणि कागदावर उमटणारी पिवळी ते तपकिरी छटा डोळ्यांनी पाहून प्रमाण ठरवितात. दूषित विहिरीच्या पंपास लाल रंग आणि निर्दोष विहिरीच्या पंपास हिरवा रंग द्यावयाचा, अशी योजना बांगलादेशात मोठ्या प्रमाणावर राबविली गेली. अक्षरओळख नसलेल्यासही समजावी अशी ती सोपी खूण होती.

परंतु केंद्रातील व ढाक्यातील संशोधकांनी रंगविलेल्या विहिरींचे पाणी प्रयोगशाळेत पुन्हा तपासले, तेव्हा गंभीर गोष्ट उघडकीस आली. इ. स. २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात, दूषित विहीर निर्दोष ठरविली जाण्याचे प्रमाण ६८ टक्क्यांपर्यंत, तर निर्दोष विहीर दूषित ठरविली जाण्याचे प्रमाण ३५ टक्क्यांपर्यंत आढळले. या दोन चुका सारख्या नाहीत. निर्दोष विहीर लाल रंगविली तर गृहिणीला घागर घेऊन अधिक दूर जावे लागते. दूषित विहीर हिरवी रंगविली तर साऱ्या कुटुंबाला शास्त्राच्या नावाने विष पाजले जाते. आणि खूण दिलेली असल्यामुळे कोणी शंकाही घेत नाही. पुढील काळात संच सुधारले. पण छटा पाहणारा डोळा शिक्षित असावा लागतो व काही नमुने प्रयोगशाळेत पडताळून पाहावे लागतात, ही गरज संपलेली नाही.

पाण्यातून आर्सेनिक काढून टाकणाऱ्या संयंत्रांच्या बाबतीतही असाच अनुभव आला. पश्चिम बंगालमधील १८ संयंत्रांचे केंद्राने दोन वर्षे परीक्षण केले व निष्कर्ष इ. स. २००५ मध्ये प्रसिद्ध केले. त्यांपैकी एकही संयंत्र सातत्याने १० मायक्रोग्रॅमच्या मर्यादेत पाणी देऊ शकले नाही. गाळणी वेळेवर न धुणे आणि देखभालीत गावकऱ्यांचा सहभाग नसणे ही अपयशाची कारणे होती. यंत्र बसविले म्हणजे काम संपले, ही समजूत सर्वांस महाग पडते.

वाचकांसाठी बोध

पाणी उकळल्याने जंतू मरतात, पण आर्सेनिक जात नाही. उलट पाण्याची वाफ झाल्याने त्याचे प्रमाण किंचित वाढते. निर्दोष विहिरीचे पाणी, योग्य रीतीने साठविलेले पावसाचे पाणी, अथवा शुद्ध केलेले नदी-तलावाचे पाणी हेच खरे उपाय आहेत. विहीर खोल आहे एवढ्यावरून ती निर्दोष मानता येत नाही. तिचेही परीक्षण वेळोवेळी व्हावे लागते.

आपल्या गावाच्या पाण्याचा अहवाल हाती आला तर विद्यार्थ्यांनी पुढील प्रश्न अवश्य विचारावेत : नमुना कोणत्या विहिरीचा व कोणत्या दिवशीचा? तो कोणी, कसा घेतला? मापन कोणत्या पद्धतीने झाले? कोणती मर्यादा प्रमाण मानली? आणि निष्कर्ष त्या विहिरीचे पाणी पिणाऱ्यांना कळविला काय? महाराष्ट्रात चंद्रपूर व यवतमाळ यांसारख्या जिल्ह्यांत भूमिगत पाण्यातील फ्लोराइडचा प्रश्न आहे. तेथेही हेच प्रश्न लागू पडतात.

यांतील शेवटचा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा होय. वहीत नोंदविलेला आकडा शास्त्राच्या दृष्टीने पूर्ण असेल. परंतु पाणी भरणाऱ्या माणसापर्यंत तो पोहोचला नाही तर त्याचे आरोग्य जसेच्या तसे धोक्यात राहते. अचूक मापन करणे आणि ते ज्याच्या उपयोगाचे त्याला समजेल अशा भाषेत सांगणे, या दोन्ही गोष्टी मिळूनच आरोग्यविषयक संशोधन पुरे होते.