पंप उपाशी होता

कोईम्बतूरच्या कारी ट्रॅकवर तिसऱ्या फेरीत माझ्या ऑक्टेव्हिया आरएसने सरळ पट्ट्यावर एकदा आचका दिला. मी ॲक्सिलरेटर सोडला नाही. पुढच्या वळणाआधी इंजिनातून खडखड ऐकू आली आणि आरशात निळा धूर दिसला. पुण्यात इंजिन उघडलं तेव्हा तिसऱ्या सिलिंडरच्या पिस्टनचा रिंगांमधली कड तुटलेली निघाली. भर लोडवर पेट्रोल कमी पडलं की मिश्रण पातळ होतं, नॉकिंग सुरू होतं आणि पिस्टन मार खातो.

मला याचा अर्थच लागेना, कारण फ्युएल पंप नवा कोरा होता. १.८ लिटरच्या या इंजिनाची कंपनीची ताकद १५० हॉर्सपॉवर. मोठा टर्बो बसवून आम्ही ती २८० च्या आसपास नेली होती. पूर्ण जोरात टर्बो इंजिन दर हॉर्सपॉवरमागे तासाला पाव किलोहून थोडं जास्त पेट्रोल खातं, म्हणजे हिशेब तासाला शंभर लिटरपर्यंत जातो. ई-२० वर आणखी थोडं जास्त. माझा पंप २५५ लिटरचा होता. कागदावर अडीचपट.

चूक शोधली आमच्या इलेक्ट्रिशियन काकांनी. मागची सीट उचलून त्यांनी पंपाच्या प्लगवर मल्टिमीटर लावला आणि पंप चालू ठेवून मला बॅटरीचा आकडा वाचायला सांगितला. बॅटरीवर १३.८ व्होल्ट, पंपापाशी १०.२.

"पंप चांगलाय रे," काका म्हणाले, "त्याला जेवायलाच मिळत नाही."

जुन्या छोट्या पंपासाठी टाकलेल्या बारीक वायरवर आम्ही जवळपास दुप्पट करंट ओढणारा पंप लादला होता. त्यात वीस वर्षांचा गंजका कनेक्टर. पंपाचे २५५ लिटर असतात ते पुरेशा व्होल्टेजला आणि ठरलेल्या दाबाला. टर्बोचा बूस्ट चढतो तसा रेग्युलेटर इंधनाचा दाबही चढवतो: तळाचे ३ बार अधिक १.४ बूस्ट, म्हणजे ४.४ बार. दाब वाढतो तसा पंपाचा प्रवाह घटतो, आणि व्होल्टेज पडलं की तो कोसळतोच. डायनोवरच्या दहा-दहा सेकंदांच्या ओढींत हे लपून गेलं.

पंप बाहेर काढला तर दुसरी चूक समोर आली. टाकीच्या आत पंपाला जोडलेला पाइप बाहेरच्या फ्युएल लाइनचा होता. पेट्रोलमध्ये बुडून तो फुगला होता, क्लिपपाशी पाझरत होता, आणि होतं तेवढं पेट्रोलही टाकीतच परत सांडत होतं. टाकीत बुडणाऱ्या पाइपवर ३०आर१० असा शिक्का हवा. ३०आर९ बाहेरून कितीही दणकट दिसला तरी आत घालू नका.

म्हणून पंप विकत घेण्याआधी वायरिंगचं ठरवा. बॅटरीपासून मागे ४ चौरस मिलिमीटरची नवी वायर, बॅटरीच्या अगदी जवळ फ्यूज, मध्ये रिले, आणि अर्थिंगही तेवढंच जाड, बॉडीचा रंग खरवडून घट्ट बसवलेलं. रिलेला इशारा मात्र पंपाच्या मूळ वायरवरूनच द्या. थेट स्विच लावण्याचा सल्ला मलाही मिळाला होता. तो कृपा करून ऐकू नका. अपघातात इंजिन बंद पडलं की ईसीयू पंप बंद करतो. थेट स्विचवरचा पंप फुटलेल्या पाइपमधून पेट्रोल ओततच राहील. टाकी उघडायची ती मोकळ्या हवेत, बॅटरी काढून, लाइनमधला दाब सोडून.

आणि फ्युएल प्रेशरचं मीटर बसवा. माझ्या गाडीत ते असतं तर तो पहिला आचका मला वाचता आला असता.

आता पंपाच्या प्लगवर १३.४ व्होल्ट मिळतात. तिसऱ्या गिअरमध्ये शेवटच्या आरपीएमपर्यंत काटा ४.४ बारवरून हलत नाही. आतला पाइप दर दिवाळीला तपासायचा असं काकांनी मागच्या सीटखालीच खडूने लिहून ठेवलंय.